पाच लाखांची पॉलिसी आणि खोलीचं भाडं

पॉलिसी पाच लाखांची, बिल ३,२९,००० रुपयांचं, आणि तरीही ७४,००० रुपये आम्ही भरायचे. बिलिंग काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, "असं कसं?" तो म्हणाला, "मॅडम, टीपीएनं कट केलंय, आम्ही नाही." टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेमचे कागद बघणारी संस्था, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. हे सगळं बाबा बघायचे. ते गेल्यापासून आईच्या मेडिक्लेमचा हप्ता वेळेवर भरणं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

आई बहात्तर वर्षांची. बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत उरकावं लागतं. पेशंट पडून राहिला की न्यूमोनियाची, रक्ताच्या गुठळ्यांची भीती. पुण्यात चार ठिकाणी दर विचारत फिरायला सवड कुठून असणार? ॲडमिशनच्या वेळी सांगितलं, "सिंगल रूम तेवढी रिकामी आहे, ८,००० रुपये रोज." वेदनांनी कळवळणारी आई स्ट्रेचरवर होती. आम्ही सही केली.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ५,०००. मला वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू, बाकीचं कंपनी भरेल. रात्री मामा आणि मी बिल पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. खोली मर्यादेपेक्षा महाग असली, तर कंपनी सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापते. आठातले पाच मंजूर. या खर्चाचे १,२०,००० होते, त्यातले ७५,००० मिळाले. ४५,००० रुपये तिथेच गेले! औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, म्हणून थोडक्यात निभावलं. हातमोजे, मास्क वगैरे 'नॉन-पेएबल' म्हणून ११,००० वेगळे, आणि उरलेले खोलीभाड्यातल्या रोजच्या फरकाचे. मामा आयुष्यभर पतपेढीत हिशेब करत आले, तेसुद्धा दोनदा बेरीज करून गप्प बसले.

वेटिंग हॉलमध्ये रोज हेच बोलणं. इंदापूरकडच्या एका काकूंनी नवऱ्याच्या बायपाससाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, "ऑपरेशनची भीती नाही गं, काउंटरवरून बोलावणं आलं की पोटात गोळा येतो."

सरकारनं काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेण्याचा शासन निर्णय २८ जुलै २०२३ चा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. आईला यातलं बरंच लागू होतं. पण आयुष्मान कार्ड चालतं योजनेतल्या रुग्णालयातच. जनआरोग्य योजनेची माहिती द्यायला आरोग्यमित्र असतो, तोही योजनेतल्या रुग्णालयातच. आमचं रुग्णालय योजनेत नव्हतं. मग विचारायचं कुणाला? नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी. मी मुद्दाम दोन्ही मजले फिरून शोधली. पार्किंगच्या सूचना होत्या, हेल्थ चेकअप पॅकेजच्या जाहिराती होत्या. दरपत्रक कुठेही नव्हतं.

याचा मला खरोखर संताप येतो. आपले हक्क कागदावर आहेत, आणि ते कळतात बिल हातात पडल्यावर. ॲडमिशनच्या सहीआधी मराठीत एक पानभर माहिती द्या: खोलीचं भाडं किती, पॉलिसीची मर्यादा किती, फरकामुळे आणखी कशाकशाला कात्री लागेल. पॉलिसीची प्रत त्याच टेबलावर घेतात, म्हणजे ती मर्यादा त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. हे सक्तीचं करायला नवी योजना लागत नाही, पैसाही लागत नाही.

मामांच्या एका ओळखीच्या एजंटनं एक नियम दाखवला. जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही, तिथे कंपनीला ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. मी रुग्णालयाला लेखी विचारलं: सर्जनची फी जनरल वॉर्डात आणि सिंगल रूममध्ये वेगवेगळी आहे का? असल्यास दोन्ही दर द्या. विमा कंपनीच्या तक्रार विभागालाही तेच पत्र पाठवलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील लागत नाही. आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. रुग्णालयाचा पोचशिक्का असलेली पत्राची प्रत मी फाइलला लावली आहे, आणि लोकपालांकडचा अर्ज भरायला घेतला आहे.