वायंगणाचे पाणी

गोव्याच्या डिचोली तालुक्यात २०२४ मध्ये खाणीतून पुन्हा खनिज निघू लागले. ही बातमी कानावर आली की पहिल्यांदा ट्रक आठवतात, नदीतल्या बार्जी आठवतात, हप्ते थकलेली घरे आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. मला मात्र पाळीचे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भातपीक, आठवते. पाळी, वेळगे, सुर्ल, कोठंबी हा सगळा पट्टा बाहेरच्यांना खाणींमुळे ठाऊक झाला. त्याआधी ही भातशेतीची गावे होती. खाणकाम सप्टेंबर २०१२ मध्ये थांबले, मर्यादित स्वरूपात पुन्हा चालले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. खाण थांबली की शेती आपोआप परत येते, असे मानणाऱ्यांसाठी ही वर्षे म्हणजे एक मोठी परीक्षाच होती. शेती परत आली नाही. जी आली ती बहुतेक पावसाळ्यापुरती आली, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे असे मला वाटते.

पावसाळी भात वरून पडणाऱ्या पाण्यावर उभे राहते. वायंगण उभे राहते ते डोंगराच्या पोटातल्या पाण्यावर. जांभ्याचा सडा चार महिने पाऊस पितो, ते पाणी सावकाश खाली मुरते आणि पायथ्याशी झरीतून बाहेर येते. पाऊस संपल्यावर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालायचा, पाटाने पाणी कुणग्याकुणग्यात, शेताच्या वाफ्यावाफ्यात, फिरवायचे, थंडीत लावणी आणि उन्हाळा तापता तापता कापणी. या साऱ्याला गावाने मिळून राबावे लागते आणि डोंगर शाबूत असावा लागतो. ज्या डोंगराने हे पाणी धरले, त्यातले सर्वांत चांगले पाणी धरणारे थर म्हणजे जांभा आणि त्याखालचे भुसभुशीत लोहखनिज. जे जहाजात भरून जपानला आणि पुढे चीनला गेले, ती गावाची पाण्याची टाकीच होती. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे साडेपाच कोटी टन खनिज निर्यात झाले. त्या वर्षात किती मातीचे डंप उभे राहिले असतील आणि पहिल्या पावसात त्यातली किती माती व्हाळात उतरली असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की पाणी उपसावे लागते, आणि झर डिसेंबरातच मान टाकते. शेतावर वरून गाळ चढतो आणि खालून ओल तुटते.

इथे थोडा इतिहास सांगावाच लागतो. डिचोली पोर्तुगिजांकडे आली ती अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, नव्या काबिजादीतून, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखाबरोबर. १९०६ च्या वसाहती खाणकायद्याने डोंगर कन्सेशनच्या नावाने कायमचे दिले जाऊ लागले, आणि पन्नाशीच्या दशकात निर्यातीने वेग घेतला. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची दुरुस्ती आली. शेत कसणाऱ्याचे झाले. ही खरोखर मोठी गोष्ट होती, तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण त्याच काळात वरचा डोंगर कन्सेशनवाल्याकडेच राहिला, आणि १९८७ च्या कायद्याने त्या कन्सेशनचे खाणपट्टे झाले. कुळाला कुणगा मिळाला. कुणग्याला पाणी देणारा डोंगर त्याच्या हाती कधी आलाच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की भातशेतीने गावाला दिले तरी काय? कष्ट आणि कर्ज. खाणीने पक्की घरे दिली, मुलांना कॉलेजात पाठवले. हे खरे आहे, आणि ट्रक घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण हातात आलेला पैसा आणि गमावलेले पाणी यांचा हिशेब कधी एका वहीत मांडलाच गेला नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सासष्टीत, बार्देशात जिथे खाण नाही तिथेही शेते पडीक आहेतच. आहेत. मजुरी परवडत नाही, वारसांची संख्या वाढली, बांध कोणी बांधायचा यावर एकमत होत नाही. तरी तिथे एखाद्या वर्षी कोणी मनावर घेतले तर नांगराखाली मातीच येते. गाळ चढलेल्या कुणग्यात नांगर घातला तर खाणीचे रिजेक्शन, म्हणजे टाकाऊ माती-दगड, वर येते. तिसरे म्हणणे, खड्ड्यांत साठलेले पाणी आहेच, ते द्या. काही ठिकाणी ते दिलेही जाते, आणि शेतकऱ्याने ते घ्यावेच. पण झरीचे पाणी कोणाच्या परवानगीने वाहत नव्हते. पंपाचे पाणी पंप चालवणाऱ्याच्या मर्जीवर येते, आणि मर्जीवर विसंबून कोणी तरवा टाकत नाही.

माझा खरा राग आहे तो नुकसानभरपाईच्या पद्धतीवर. बुडालेल्या पिकाची किंमत काढून वर्षाकाठी रक्कम द्यायची, म्हणजे जणू पाणी शाबूत आहे आणि यंदा फक्त कापणी चुकली! काही वर्षे अशी गेली की न पेरणे हाच व्यवहार होतो. मग बांध फुटला तरी कोणी धावत नाही, पाटात झुडपे माजतात, व्हाळ कुठे अडवायचा हे ठाऊक असलेली माणसे एकेक करून जातात, आणि वायंगण पाण्याआधीच माणसांच्या हातांतून सुटते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र शेत शेतच राहते. त्या उताऱ्यात भात, बागायत, खाजन, केर, मोरड यांसाठी वेगळे रकाने आहेत, शेताचे नावसुद्धा आहे. पाणी कुठून येते याला रकाना नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने खनिजाच्या विक्रीतून कायमस्वरूपी निधी उभारायला लावला, पुढच्या वर्षी खनिज कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. पैसा अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. हद्दीचा प्रश्न मात्र उरतोच. डिचोलीतल्या मुळगावचे लोक आपली घरे, देवळे, शेते खाणपट्ट्याच्या हद्दीतून वगळा म्हणून भांडत आहेत, आणि त्यांची मागणी रास्त आहे. पण शेत हद्दीबाहेर ठेवून झर हद्दीत राहिली तर वगळलेल्या शेताचे काय करायचे? मोपाच्या सड्यावर विमानतळ आला तेव्हा पेडण्यातही झरींचा हाच प्रश्न विचारला गेला होता. प्रत्येक गावाने आपल्या झरी, व्हाळ आणि वायंगणाचे कुणगे नावानिशी लिहून ग्रामसभेच्या ठरावात घालावेत, आणि ते काम लिलावातल्या उरलेल्या खाणपट्ट्यांत पहिले यंत्र चढण्याआधी व्हावे. हे करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. गावातली सत्तरी ओलांडलेली माणसे, उताऱ्यांचा गठ्ठा आणि पावसाळा सरल्यानंतरचे काही आठवडे एवढे पुरेसे आहे.