गाडी कुठे राबली?

जुनी पोलो जीटी टीएसआय तपासायला आणणारा माणूस आधी मीटर दाखवतो. ‘फक्त तीस हजार चाललीय, सिंगल हँड आहे,’ हे भोसरीतल्या आमच्या गॅरेजात नेहमी ऐकू येतं. मी विचारतो, आधीचा मालक राहायला कुठे होता आणि कामाला कुठे जायचा?

ही आमच्या पट्ट्यातलीच गाडी. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तिथे पोलो बनू लागली आणि २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. आता ती हवी तर जुनीच घ्यावी लागते, आणि घेणारी बरीचशी मुलं पहिल्या नोकरीतली बचत तिच्यात घालतात. म्हणून या तपासणीत घाई केलेली मला चालत नाही.

तिच्या डीएसजीत दोन क्लच आहेत, दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटण्याच्या वेळी गाड्या वीतवीतभर पुढे सरकतात. दर वेळी ब्रेक सुटला की क्लच अर्धवट पकडतो, घासतो, परत सुटतो. आणि ती उष्णता ओढून न्यायला तिथे तेल नसतं. द्रुतगती मार्गावर तोच क्लच पूर्ण पकडलेला राहतो, घासण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे रोज निगडी ते चाकण ये-जा केलेली तीस हजारांची गाडी मी हायवेवरच्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा कसून बघतो. ट्रायलही गर्दीतच घ्यावी, गाडी चांगली तापल्यावर. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येते का, चढावर रिव्हर्स घेताना धक्के बसतात का, हे तिथेच कळतं. मोकळ्या स्पाइन रोडवर जोरात दामटली तर हे दोन्ही गिअर क्षणात निघून जातात आणि दुखणं लपतं.

इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करायचं. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत शिरतंय.

स्कॅनर लावला आणि एकही फॉल्ट दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हा आकडा त्याच स्कॅनरवर बहुतेक वेळा वाचता येतो. तो पाच-सात किलोमीटर दिसला, तर मेमरी नुकतीच कोरी झाली आहे. बॅटरी काढल्यानेही असं होऊ शकतं, पण मग बॅटरी का काढली, ते विचारा.

या गाड्यांत रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल, सर्रास असतो. रिमॅप करणं हा काही गुन्हा नाही, पण विकताना मूळ मॅप परत टाकून गप्प बसणं मला मान्य नाही, कारण वाढलेल्या टॉर्कचा भार त्या कोरड्या क्लचनीच सोसलेला असतो. एअर फिल्टरच्या आणि टर्बोच्या आसपासचे बोल्ट बघा. पान्याचे ताजे ओरखडे पुष्कळ सांगून जातात.

मग कंप्रेशन. इंजिन तापवून, पेट्रोल बंद करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजायचं. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल, तर कारण सापडेपर्यंत व्यवहार थांबवा. गाडी लिफ्टवर घेऊन ऑइल सम्पही बघून घ्या. आपल्या स्पीडब्रेकरांना ही गाडी खालून घासते.

एवढं करूनही क्लचबद्दल शंका उरली, तर क्लच आणि मेकाट्रॉनिक (डीएसजीचं नियंत्रण करणारा भाग) बदलण्याचं लेखी कोटेशन आधी घ्या, आणि तो खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय बयाणा देऊ नका.