फरगाण्याचे माग आणि चाकं

फरगाणा म्हटलं की शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला बाबर आठवतो. त्याचा जन्म १४८३ साली याच खोऱ्यातल्या अंदिजानचा. आम्ही दोघं मात्र तिथं गेलो ते रेशमासाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी. ताश्कंदहून निघालेली रेल्वे डोंगरातला १९ किलोमीटरांचा बोगदा ओलांडते आणि पुढं खोरं उघडतं. कापसाची शेतं, जर्दाळूच्या बागा, कालव्याकाठी तुतीची झाडं.

मार्गिलान हे रेशमाचं गाव. इथं नक्षी विणण्याआधीच सुतावर रंगवतात. ताण्याच्या धाग्यांवर कोळशानं खुणा करायच्या, जिथं रंग नको तिथं गच्च बांधायचं, मग रंगात बुडवायचं. पुन्हा सोडायचं, पुन्हा बांधायचं. आधी पिवळा, मग तांबडा, शेवटी निळा. रंग थोडा पसरतोच, त्यामुळं नक्षीच्या कडा ढगासारख्या धूसर दिसतात. म्हणून या कामाचं नाव 'अब्रबंदी'. फारसी 'अब्र' म्हणजे ढग. आपल्या 'अभ्र' या शब्दाचं ते भावंडच. ताणा-बाणा दोन्ही रेशमी असेल तर कापड 'अतलस', बाणा सुती असेल तर 'अद्रस'. सोव्हिएत काळात घरचे माग बंद होऊन काम कारखान्यांत गेलं. १९९१ नंतर माग पुन्हा घरांत आले. इथल्या हस्तकला केंद्रानं ही विद्या जपली, त्याची दखल २०१७ साली युनेस्कोनं घेतली.

तिथून आम्ही रिश्तानला गेलो, कुंभारांच्या गावी. रानातल्या झुडपांच्या राखेपासून इथं 'इश्कोर' नावाची निळी-हिरवी झिलई करतात. आम्ही ज्यांच्याकडं उतरलो त्या म्हाताऱ्या उस्तादांना सगळे 'अका' म्हणत. उझबेकमध्ये अका म्हणजे थोरला भाऊ! कन्नड अक्का म्हणत वाढलेल्या माझ्या बायकोला हसू आवरेना.

अका घरात ताजिक बोलत, बाजारात उझबेक. तुमची भाषा कोणती, असं विचारलं तर म्हणाले, "चाकावर बसलो की ताजिक, पैसे मोजताना उझबेक." माग आणि मग्ग एकाच तोंडानं म्हणणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या खोऱ्यात १९२४ पासून रेषा आखल्या गेल्या. तेव्हा त्या एकाच देशातल्या होत्या. १९९१ नंतर मात्र खोरं उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान अशा तीन देशांत वाटलं गेलं. अकांची बहीण लग्न होऊन इस्फाऱ्याला गेली होती. इस्फारा तसं जवळच, पण आता ताजिकिस्तानात. मधली कित्येक वर्षं जायला व्हिसा लागे. आई गेली तेव्हा तो वेळेवर मिळाला नाही. बहिणीला माती द्यायला येता आलं नाही.

२०१८ साली व्हिसाची अट उठली. मार्च २०२५ मध्ये तिन्ही देशांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या. अकांना करारातलं फारसं ठाऊक नव्हतं. बहीण आता वर्षातून दोनदा येते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पहिल्यांदा आली तेव्हा ती आधी भट्टीकडं गेली. आईच्या हातची, सांभाळून ठेवलेली वाटी तिनं मागून घेतली. अकांनी ती दिली, आणि तशीच दुसरी घडवायला नातीला चाकावर बसवलं.