हाडांचे वय

सरकारी कचेरीत वय म्हणजे कागद. जन्मदाखला, शाळेचा दाखला, सर्व्हिस बुक. तिन्हीत तीन तारखा निघाल्या की फाइल फिरत राहते आणि शेवटी सगळे येऊन अडते ते मूळ नोंद कुठली यावर. त्यामुळे दाखला नसलेल्या हाडालाही वय विचारता येते, हे वाचले तेव्हा मला त्याचे भारीच अप्रूप वाटले होते. मी पडलो आर्ट्‌सचा पदवीधर, रसायनशास्त्र शाळेतच सुटले. पण ही गोष्ट समजायला सोपी आहे.

आपल्या शरीरातली प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. ही आम्ले (एक ग्लायसिन सोडून) दोन रूपांत असू शकतात, आपल्या डाव्या-उजव्या हातांसारखी. घटक तेच, मांडणी मात्र आरशात पाहावी तशी उलटी. गंमत म्हणजे सजीव सृष्टी प्रथिनांसाठी डावीच वापरते! जीव गेला, दुरुस्ती थांबली, की त्यातली काही हळूहळू उजवी होऊ लागतात. पुरेसा काळ गेला तर दोन्ही जवळपास सारखी होतात. म्हणजे उजव्यांचे डाव्यांशी प्रमाण मोजा आणि काळ काढा.

पण हे घड्याळ उन्हावर चालते. जमीन गरम असेल तर बदल भराभर होतो, थंड असेल तर रेंगाळतो. सरासरी तापमानात दोन-चार अंशांचा फरक पडला तरी हजारो वर्षांचा हिशेब बिघडतो. (आमच्या गोव्यातल्या जांभ्या मातीत, चार महिन्यांच्या पावसात, मुळात हाड टिकणेच कठीण!)

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जेफ्री बाडा यांनी यावर एक तोडगा काढला. ज्या हाडाचे वय रेडिओकार्बनने आधीच कळले आहे असे त्याच किनाऱ्यावरचे एक हाड घ्यायचे, त्यावरून बदलाचा वेग काढायचा आणि तोच वेग शेजारच्या हाडांना लावायचा. त्यांनी आधार धरला तो लगूना येथे सापडलेल्या मानवी कवटीचा, वय सुमारे सतरा हजार वर्षे. या हिशेबाने १९२९ साली डेल मार येथे सापडलेला माणूस निघाला ४८,००० वर्षांचा आणि सनीव्हेलचा सांगाडा तब्बल ७०,००० वर्षांचा. त्या काळी अमेरिकेत माणूस पोचला तो बारा हजार वर्षांच्या आसपास, असे बहुतेक जण मानत. खळबळ उडणारच.

पुढे अ‍ॅक्सिलरेटरवर चिमूटभर नमुन्यातूनही रेडिओकार्बनचे वय काढता येऊ लागले. ऑक्सफर्डमध्ये लगूनाची कवटी पुन्हा तपासली, तर ती जेमतेम पाच हजार वर्षांची! मूळ नोंदच चुकलेली, मग तिच्यावरून काढलेले दाखले कसे टिकणार? अर्थात सगळा दोष तिचाही नव्हता. हाडातले कोलॅजेन शाबूत असेपर्यंत अमिनो आम्लांना उलटायला फारसा वाव मिळत नाही. ते विस्कटले की वेग वाढतो आणि कुजके हाड उगाच म्हातारे दिसते. १९८५ साली अशा अनेक सांगाड्यांचा एकत्र फेरहिशेब प्रसिद्ध झाला. ११,००० रेडिओकार्बन वर्षांपलीकडचा त्यात एकही उरला नाही.

मला यात सर्वांत भावले ते वेगळेच. १९८४ साली ‘नेचर’मध्ये ही दुरुस्ती छापून आली तेव्हा लेखकांत पहिले नाव बाडा यांचेच होते. आपलाच आकडा खोडणाऱ्या टिपणावर स्वतःची सही! आमच्या कचेरीच्या फाइलींत असे टिपण मी अजून पाहिलेले नाही.

हाडांसाठी या पद्धतीवरचा विश्वास त्यानंतर उडाला तो उडालाच. शहामृगाच्या अंड्यांची कवचे, गोगलगाईंच्या तोंडावरची झाकणे अशा घट्ट बंद वस्तूंत मात्र ती चांगली चालते. आणि जिथे ऊब कायम सारखी राहते, तिथेही. अलास्काच्या समुद्रातल्या बोहेड देवमाशाच्या डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातले प्रथिन जन्मापासून बदलत नाही, त्यामुळे तिथे हे घड्याळ तो जिवंत असतानाच चालू असते. १९९९ साली अशा एका माशाचे वय निघाले २११ वर्षे, पस्तीस इकडे किंवा तिकडे. आता यावर कोण विश्वास ठेवणार? पण त्याच जातीच्या माशांच्या अंगात तिथल्या इनुपियाट शिकाऱ्यांना रुतून बसलेली जुन्या दगडी भाल्यांची टोके मिळाली होती, जे भाले वापरणे कित्येक पिढ्यांपूर्वी बंद झाले होते.