पासिंगच्या तोंडावर पेटलेला दिवा

माझी पिकअप २०२१ ची, बीएस-६ डिझेल. लाखांदूरकडे धानाचा हंगाम सुरू झाला की तिला उसंत नसते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग करावं लागतं. मागच्या खेपेला पासिंगची तारीख तोंडावर आली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी पळत तर नीट होती.

पहिल्या गॅरेजात मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, बटण दाबलं आणि म्हणाला, "घ्या जी, गेला लाइट. आता बिनधास्त पासिंग करा." कोणता कोड होता, हे त्याने सांगितलंही नाही. साकोली गाठेस्तोवर दिवा पुन्हा हजर!

पीयूसी मात्र सहज मिळालं होतं, आणि मला राग येतो तो याचाच. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात. बीएस-६ गाडीत काजळी फिल्टरमध्येच अडते, म्हणून आतला बिघाड धुरात लगेच दिसत नाही. गाडीचा संगणक काय सांगतोय, हे कोणी बघतच नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत १९९६ पासूनच्या गाड्या याच सॉकेटमधून तपासतात. कोड नुकताच पुसलेला असेल, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात आणि तिला परत पाठवतात.

दुसऱ्या मिस्त्रीने आधी कोड वाचला: पी०५४४. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरिंगचा दोष. गाडीखाली शिरून त्याने वायरवरची काळी नळी बाजूला केली. आत तांबं उघडं पडलेलं, कडेला उंदराच्या दातांच्या बारीक खुणा. धानाच्या पोत्यांजवळ गाडी उभी राहते. तिथे उंदीर असायचेच. पण या सेन्सरचं माप बिघडलं की फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम संगणक थांबवतो. फिल्टर तुंबतो, आणि नव्याचा खर्च छोट्या गाडीवाल्याचं कंबरडं मोडतो. इथे तर वायरचा तुकडा जोडून भागलं. भंडाऱ्यापर्यंत दिवा लागला नाही, पासिंगही झालं.

लाखांदूर, पवनी, साकोलीच्या गाडीवाल्यांनो, पुसण्याआधी कोड कागदावर लिहून मागा. आणि पीयूसी केंद्रावर धुराबरोबर कोडही वाचला जावा, ही मागणी परिवहन खात्याकडे आपण सगळ्यांनी मिळून लावून धरू या.