होडीतून गोपाळपूर

पंढरीला गेलात की महाद्वारातूनच परत फिरू नका. घाट उतरा, होडी करा आणि विष्णुपदावरून गोपाळपूरला जाऊन या. लोकदैवतांचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं. त्या अनुभवावरून सांगतो, विठ्ठल कोण हे कळायला या अर्ध्या दिवसाच्या फेरीची फार मदत होते.

नदी भीमाच. पंढरपुराशी ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथं तिला चंद्रभागा म्हणायचं. देवळातल्या सोळखांबीतल्या 1237 च्या शिलालेखात मात्र नदी भीमरथी आहे आणि गाव पंडरगे. होडीवाले कोळी. "मधोमध बसा माउली, पाय आत घ्या," म्हणत त्यांनी होडी लोटली की पुंडलिकाचं देऊळ मागं सरकतं आणि घाटावरचा टाळांचा आवाज पाण्यावरून बराच वेळ सोबत येतो.

विष्णुपदाचा मांडव पात्रातच उभा आहे; पूर आला की पाण्याखाली जातो. आत खडकावर कृष्णाची पावलं आणि गाईचे खूर दाखवतात. खुरांच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं. बायका त्यात बोटं बुडवून ती डोळ्यांना लावतात. मार्गशीर्षात देव इथं मुक्कामाला असतो, अशी श्रद्धा. त्या महिन्यात पंढरपूरकर डबे बांधून इथं जेवायला येतात. देवाच्या सुट्टीत भक्तानंही घर सोडावं, ही रीत मला फार आवडते.

पुढं गोपाळपूर. छोटी टेकडी, वर किल्ल्यासारख्या भिंतींचं गोपाळकृष्णाचं देऊळ. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, कृष्ण तिच्यामागं निघाला आणि गाई-गोपाळांना त्यानं या टेकडीवर ठेवलं, अशी कथा. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) मध्ये विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि धनगरांचा बिरदेव आजही एकत्र पुजले जातात. मला ढेऱ्यांची मांडणी पटते, आणि ती या टेकडीवर उभं राहिलं की अधिकच पटते. खाली खूर, वर गोपाळ, आणि कथेतला देव गुरं मागं ठेवून गावात गेलेला.

आषाढी एकादशीला सगळ्यांचं लक्ष राउळाकडे असतं. पण वारी संपते ती पौर्णिमेला, इथल्या काल्यानं. पालख्या गोपाळपूरला येतात, काला होतो, एकमेकांच्या मुखी घास घातला जातो आणि मगच परतीची वाट धरली जाते. गुराख्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाव्यात, तसं हे जेवण. एवढ्या मोठ्या वारीचा शेवट गुराख्यांच्या जेवणानं व्हावा, ही गोष्ट साधी नाही.

देवळात जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. गेल्या खेपेला एक आजी त्याच्याशी बसली होती. खुंटा धरून तिनं एक फेरा ओढला, पदरानं जात्याचा काठ पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पण हात लावा की." मी वही खाली ठेवली.