ढाक्यास न पोहोचलेला

१९७१ च्या डिसेंबरात आमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, जमालपूरच्या दक्षिणेस ढाक्याचा रस्ता अडवून बसली होती. दहा तारखेच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणाऱ्या शत्रूशी जी झुंज झाली, तीत माझा उजवा पाय गुडघ्याखाली निकामी झाला, आणि मला मागे नेल्यावर माझ्या एलएमजीवर बसलेला साताऱ्याकडचा जोडीदार पहाटेपूर्वीच कामास आला. सोळा तारखेस शरणागतीची वार्ता आकाशवाणीवर येताच वॉर्डात जयघोष झाला. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, कारण ज्या जागी तो गेला ती जागा माझी होती.

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात नवा पाय मिळाला. परंतु रेवदंड्यास परतल्यावर ही अपराधाची बोच कोणापाशी उघड करता येईना, आणि ती संतापाचे रूप घेऊन बाहेर पडू लागली. पोर्तुगीज तटाच्या आतील आमच्या वाडीत शिंपणे करताना पाटाच्या चिखलात तो पाय रुते, पावसाळ्यात त्याचा कातडी पट्टा बुरसून मांडीस काचे, आणि मी तो उपसून पोफळींत भिरकावीत असे. आई मुकाट्याने उचलून आणी, धुई आणि चुलीशेजारी वाळत ठेवी. गावाने सत्कार करून ‘किती मारले?’ असे विचारले, तेव्हा मी असे काही बोललो की पुढे कित्येक दिवस आमच्या ओट्यावर कोणी फिरकले नाही.

व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे ज्या आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, तेथे निवृत्तिवेतनाच्या कागदांत अडकलेले माजी सैनिक व विधवा यांचा तोटा नव्हता. मी मॅट्रिक असल्याने त्यांचे अर्ज, फेरअर्ज, हयातीचे दाखले लिहू लागलो, आणि कचेरीतील तुंबलेल्या दप्तरावर माझा संताप रीतसर खर्ची पडू लागला. जोडीदाराच्या पत्नीचा अर्जही मीच लिहिला. त्या निमित्ताने त्याच्या भावाने पत्रातून पुसले, ‘दादा शेवटी काय बोलला?’ मला स्ट्रेचरवर चढविताना तो ‘बंदूक मी बघतो, तू जा’ म्हणाला होता. ते मी प्रथमच कोणास कळविले.

बोच अद्याप गेलेली नाही, पण आता ती बोलता येते. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की आघाडीवरून परतलेल्या जखमी माणसास पराक्रम विचारू नका. तुझ्याबरोबर कोण होते ते विचारा, आणि त्याच्या हातास काम द्या.